पाठपिशव्यांची राखण

बेलफोर्ड गावातल्या शाळकरी पोरांनाही कर्नल लायमन थ्रॉल यांची कारकीर्द तोंडपाठ होती. कुंपणापलीकडच्या शेतातून केलेली चढाई, पडत्या निशाणवाल्याच्या हातून झेललेलं निशाण, त्याबद्दल मिळालेलं पदक, मग पश्चिमेकडच्या किल्ल्यांवर काढलेली वीस वर्षं, बर्फात अडकलेली तुकडी चार दिवस चालून परत आणली ती गोष्ट आणि मांडीत घुसलेला बाण. बाणाचा भाग पोरं अंमळ लांबवून सांगत. एकानं तर दोन बाण केले होते.

हे सगळं खरं होतं, हीच तर पंचाईत होती. माणूस निव्वळ थापाड्या असता तर एव्हाना निर्ढावला असता. थ्रॉल खरोखरच शूर होता. गोळ्यांसमोर तो कधी बिचकला नाही. बिचकला तो एकदाच, एका साध्या प्रश्नासमोर, आणि तो प्रश्न विचारणारा माणूस अजून त्याच गावात राहत होता.

त्या माणसाचं नाव इरा पेनिमन. उत्तर-दक्षिण यादवी युद्धात तो गावच्या फौजी कंपनीचा हवालदार होता; आता एक बाही टाचणीनं खांद्याशी टाचून गावचं टपालघर चालवत होता. अठराशे सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी, चर्चमागच्या खोलीत स्मारकसमिती बसली होती. युद्धात गेलेल्या गावच्या एकतीस जणांची नावं आणि मरणाच्या तारखा संगमरवरात कोरून झाल्या होत्या. तीस मेला, थडग्यांवर फुलं वाहण्याच्या दिवशी, दगड उभा राहायचा होता. समितीचे अध्यक्ष अर्थातच कर्नल. सगळं ठरलेलं होतं, नुसता चहा प्यायचा बाकी होता, आणि तेवढ्यात इरा उभा राहिला.

"मला ऑरिन बिक्सबीचं नाव घालायचंय," तो म्हणाला.

खोलीत कुणीतरी बशी आपटली. ऑरिन बिक्सबी म्हणजे गावचा एकमेव पळपुटा. कंपनीच्या हजेरीपटात त्याच्या नावापुढे तसं लिहिलेलं होतं, आणि ते लिहिलं होतं खुद्द इरानं.

"मीच लिहिलं, मला ठाऊक आहे," इरा म्हणाला. "माझा धाकटा भाऊ सायलस त्याच दिवशी चढाईत गेला होता. दुसऱ्याचा माणूस जिवंत पळालाय, या रागात हात चालला माझा. पण तेवीस वर्षं झाली. आता तो कुठंतरी मेलाच असेल. आपल्या गावचं पोर होतं."

"आणि सोमवारी इथे येऊन उभा राहिला तर?" कुणीतरी विचारलं.

"तर त्यालाच विचारू, होझियाची अक्षरं कशी वाटली!"

सगळे हसले. होझिया टटल मात्र हसला नाही. तो गावचा पाथरवट, दगड त्याच्याच हातचा. "खाली एका नावाची जागा आहे," तो म्हणाला. "बुधवारपर्यंत सांगा. गुरुवारी दगड गाडीवर चढवायचाय."

सगळ्यांनी कर्नलकडे पाहिलं. "मला दोन दिवस द्या," कर्नल म्हणाला. आणि कर्नल किती विचारी माणूस आहे, असं म्हणत मंडळी घरोघर गेली.

विचारी कसला! तो घरी गेला आणि ओट्यावर टोपीसकट बसून राहिला. एका वाक्यात संपणारं काम होतं. ते वाक्य त्याला तेवीस वर्षं पाठ होतं.

बासष्ट साली कंपनी उभी राहिली तेव्हा पोरांनी हात वर करून थ्रॉलला आपला लेफ्टनंट म्हणून निवडलं होतं. तसाच रिवाज होता. गावची पोरं, गावचाच अधिकारी. ऑरिननं तर दोन्ही हात वर केले होते. दोघं लहानपणापासून एकाच नदीत पोहलेले. अशा निवडीत एक वांधा असतो. ज्यांना मरायला पाठवायचं, त्यांच्या आया तुम्हाला नावानिशी ओळखत असतात.

चौसष्टच्या जूनमध्ये, चढाईच्या आदल्या आठवड्यात, थ्रॉलला ऑरिनच्या बायकोचं पत्र आलं. रोक्सानाला दिवस गेले होते. 'तुझ्या हातात असेल तर त्याला मागे ठेव, लायमन. एकदाच मागतेय.' पत्र त्यानं चुलीत घातलं, पण मनातून ते गेलं नाही.

चढाईपूर्वी शिपायांनी पाठपिशव्या उतरवून ढीग लावायचा, हा नेहमीचा शिरस्ता. त्यांवर राखणीला रेजिमेंटचे दोघे नेमलेले होते, आणि कुठल्याही कंपनीनं वेगळा माणूस ठेवू नये, असा वरून सक्त हुकूम होता. थ्रॉलनं ऑरिनला बाजूला घेतलं. "तू आपल्या पिशव्यांपाशी थांब."

"मी? आणि पोरं काय म्हणतील?"

"हुकूम आहे."

"कुणाचा?"

"माझा. बस खाली, झाडाआड."

ऑरिन बसला. चेहरा मात्र असा केला होता की जणू कुणी त्याच्या कानाखाली दिली असावी.

पुढचं गावाला पाठ आहे. निशाण, शेत, पदक. त्या शेतात बेलफोर्डची अकरा पोरं पडली. आणि ती पडत असताना शत्रूचे घोडेस्वार मागून वळसा घालून आले, राखणीवरच्या दोघांना त्यांनी कापलं आणि पिशव्यांसकट जे सापडलं ते घेऊन गेले.

संध्याकाळी हजेरी झाली. "बिक्सबी," इरानं पुकारलं. ओ आली नाही. "चढाईत नव्हताच तो," इरा म्हणाला. "कुंपणावरून उडी टाकताना मी मागे पाहिलं होतं." त्याच्या पायांशी घोंगडीखाली त्याचा धाकटा भाऊ होता. त्यानं पेन्सिल जिभेला लावली. "काय लिहू, सर?"

हाच तो प्रश्न. थ्रॉलला तोंड उघडायचं होतं. पण काय म्हणणार? तुझ्या भावाला मी पुढे पाठवलं आणि माझ्या मित्राला झाडाआड बसवलं? समोर अकरा घोंगड्या ओळीनं होत्या. तो म्हणाला, "जे दिसलं ते लिही." मग खाली सही केली. ऑरिन कैदेत असेल, अदलाबदलीत परत येईल, तेव्हा सगळं निस्तरू, असं त्यानं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला फार लवकर समजावतो.

ऑरिन आला नाही. पासष्टच्या जूनमध्ये, फौजा मोडत होत्या तेव्हा, दक्षिणेतल्या तुरुंगछावणीतून सुटलेला एक हाडांचा सापळा थ्रॉलला शोधत आला. "बिक्सबी अकरा जानेवारीला गेला," तो म्हणाला. "शेवटपर्यंत एकच म्हणत होता. लेफ्टनंटला सांगा, मी पिशव्या सोडून गेलो नाही." त्या वेळी थ्रॉलच्या खिशात पदकाचा कागद होता आणि कायमच्या फौजेतल्या नेमणुकीची शिफारस वर गेलेली होती. त्यानं त्या माणसाला जेवू घातलं, आपले बूट दिले आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

ती पुढे सुटलीच नाही. गावानं ठरवूनच टाकलं होतं की ऑरिन पश्चिमेकडे पळाला आणि तिथं दुसरं घर करून बसला. रोक्सानानंही ते मानलं. थ्रॉलची नेमणूक पश्चिमेला झाली तेव्हा तिनं पत्र लिहिलं: 'तिकडे कुठे दिसला तर कळव.' दरवर्षी मार्चमध्ये तिचं पत्र यायचं, किल्ला बदलला तरी मागोमाग पोचायचं. थ्रॉल प्रत्येक वेळी सुवाच्य अक्षरात उत्तर द्यायचा: नाही, दिसला नाही. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

सोमवारी सकाळी तो परसात वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होता तेव्हा रोक्साना फाटक ढकलून आत आली. चव्वेचाळीस वर्षांची, ताठ, पेंढ्याच्या टोप्या विणून बोटं चिरलेली. गावात त्याला लायमन म्हणणारी ती एकटीच उरली होती.

"ऑरिनचं नाव दगडावर घालायचं नाही," ती म्हणाली.

तो काठी हातात धरून उभाच राहिला. ती याच्या अगदी उलट मागेल अशी त्याची खात्री होती. "का?"

"का काय? तो दगड मेलेल्यांचा आहे. माझा नवरा मेलेला नाही, पळालेला आहे. मला दोन्हींतला फरक चांगला कळतो. माझ्या डेलियाला शाळेत पोरं 'पळपुट्याची' म्हणायची, म्हणून ती एकोणीस वर्षांची होताच गिरणीत कामाला निघून गेली, ती परत फिरकली नाही. ते सगळं मी गिळलं. आता इरा पेनिमनला उपरती झाली म्हणून एका दुपारीत मी विधवा होऊ?"

"रोक्साना, तेवीस वर्षं..."

"तूच लिहिलं होतंस ना, एकाहत्तर साली? 'तो मरण पावल्याची कोणतीही माहिती मजजवळ नाही.' तुझी सगळी पत्रं आहेत माझ्याकडे. हे वाक्य तर तोंडपाठ आहे."

त्यालाही होतं. त्या वर्षी तिचं पत्र मार्चऐवजी ऑगस्टमध्ये आलं होतं आणि त्यात वेगळाच प्रश्न होता: तो मेला असेल असं तुला वाटतं का? हो म्हणावं तर कशावरून, हे सांगणं भाग होतं. त्यानं चार मसुदे फाडले आणि पाचवा पाठवला.

"त्या वर्षी असं का विचारलं होतंस?" त्यानं विचारलं.

ती क्षणभर वाटाण्यांकडे पाहत राहिली. "आता सांगायला काय हरकत आहे! होझियानं मला मागणी घातली होती. पाद्रीबुवा म्हणाले, सात वर्षं झाली आहेत, थ्रॉल तिकडेच आहे, त्यानं एका ओळीत लिहून दिलं की ऑरिन नाही, तर मी लग्न लावतो. तुझं उत्तर आलं. मी होझियाला नाही म्हटलं. दोन वर्षं थांबला बिचारा, मग अबिगेलशी लग्न केलं."

"तू लग्नाचं लिहिलं नव्हतंस."

"कशी लिहिणार? तुला वाटलं असतं, मी उत्तर पढवतेय. तू प्रामाणिकपणे सांगावंस म्हणून मुद्दाम नाही लिहिलं."

थ्रॉलच्या मांडीतली जुनी जखम काही दुखली नाही, छातीत कळही आली नाही. त्याला फक्त लाज वाटली, इतकी की तिच्याकडे पाहवेना. मातीकडे पाहत त्यानं सगळं सांगितलं. झाड, पिशव्या, हुकूम, हजेरी, तुरुंगातून आलेला माणूस. तेवीस वर्षं अडलेली गोष्ट सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

रोक्साना पायरीवर बसली.

"अकरा जानेवारी," मग ती म्हणाली. "डेलिया तेव्हा दोन महिन्यांची होती. तिला थोपटताना मी त्याला शिव्या द्यायचे. आणि तो म्हणत होता..."

"पिशव्या सोडून गेलो नाही."

"मी किती वाईट बोलले आहे त्याला, लायमन. किती वर्षं."

ती रडली, आणि तो उभा होता तिथेच उभा राहिला. तिच्या खांद्यावर हात ठेवायचा हक्क आपल्याला नाही, एवढं त्याला कळत होतं. पण माणूस असा असतो की अशा वेळीही आपली मान सोडवून घ्यायला बघतो. तो म्हणाला, "तुझं ते पत्र आलं होतं. त्याला मागे ठेव म्हणून. त्यामुळेच तो सापडला, हे तुला कळू नये असंही मला..."

"थांब." तिनं डोळे पुसले. "ते माझ्या माथी मारू नकोस. मी मागितलं ते कुठल्याही बायकोनं मागितलं असतं. 'पळाला' लिही, असं मी सांगितलं नव्हतं. माझ्या पत्रांना खोटी उत्तरं दे, असंही नाही."

"मी तीस तारखेला सगळ्या गावासमोर सांगेन. पदक परत पाठवेन. एकाहत्तरचं पत्रसुद्धा वाचून दाखवेन, काहीही लपवणार नाही."

"सांग. तुला बरं वाटेल." ती उठली, स्कर्टवरची माती झटकली. "आधी चल होझियाकडे. नाव घालायचंय."

होझियाचं आवार गावाच्या टोकाला, घराला लागूनच होतं. शेडमध्ये तो लांब दगड ओंडक्यांवर आडवा ठेवलेला होता. होझिया पांढऱ्या भुकटीनं माखलेला, त्या दोघांना एकत्र येताना पाहून जरा गोंधळला आणि त्यानं टोपी काढली.

"होझिया, ऑरिनचं नाव घाल," रोक्साना म्हणाली. "तो पळाला नव्हता. कैदेत गेला."

"देवा!" होझिया म्हणाला. "बरं झालं, रोक्साना. खरंच बरं झालं." त्याला मनापासून आनंद झाला होता, तो माणूसच तसा होता. पट्टी लावून त्यानं नाव आखलं, मग पेन्सिल थांबवली. "तारीख?"

रोक्सानानं थ्रॉलकडे पाहिलं. आता तू बोल.

"अकरा जानेवारी," थ्रॉल म्हणाला. "अठराशे पासष्ट."

होझियानं अकरा लिहिलं, महिना लिहिला. वर्षाचे दोन आकडे लिहिले आणि तिथे त्याचा हात थबकला. तो हिशेब करत नव्हता. करायची गरजच नव्हती. त्यानं रोक्सानाकडे पाहिलं. ती दगडाकडे पाहत होती.

"हे तुम्हाला कधी कळलं, कर्नलसाहेब?"

"त्याच वर्षी. जूनमध्ये."

"पासष्टच्या."

"हो."

घरातून बाईचा आवाज आला. "अहो, वाल घट्ट होतायत! येताय की मी पोरांना वाढू?"

"वाढ," होझिया ओरडला. "आलोच मी." मग त्यानं उरलेले दोन आकडे लिहिले, नीट, आधीच्या आकड्यांच्या मापाचे. पेन्सिल कानावर अडकवली.

"मी गावाला सगळं सांगणार आहे," थ्रॉल म्हणाला. "तुझ्याबाबतीतलं पत्रसुद्धा. मी तुझाही गुन्हेगार आहे, होझिया. तू मला मार, शिव्या दे, काहीही..."

"ऐका माझं." होझियाचा आवाज अगदी खाली आला होता. "पिशव्यांचं सांगा. ते सांगायलाच हवं, ऑरिनसाठी. पण त्या पत्राचं नाही. अबिगेलला ठाऊक नाही मी आधी कुणाला विचारलं होतं ते. चौदा वर्षं झाली लग्नाला, चार पोरं आहेत. भली बाई आहे. भर गावात उभं राहून तुम्ही तिला सांगणार की एका ओळीनं तिचं लग्न झालं?"

थ्रॉलनं रोक्सानाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. "होझिया म्हणतो तसंच. ते पत्र तुझ्याजवळच ठेव, लायमन. त्याचं काय करायचं ते तुझं तू बघ."

होझियानं टोपी घातली आणि तो जेवायला गेला.

तीस मेला गाव जमलं. पोरींनी लायलॅकच्या जांभळ्या फुलांच्या फांद्या आणल्या होत्या, बँड वाजला, दगडावरची चादर ओढली गेली आणि बत्तिसावं नाव पाहून कुजबुज सुरू झाली. कर्नल पदक न लावता उभा राहिला आणि बोलला. त्यानं स्वतःला पाठीशी घातलं नाही. अकरा घोंगड्यांचं सांगितलं, आपण कुणाला वाचवायला पाहत होतो ते सांगितलं, सहीचं सांगितलं, तुरुंगातून आलेला माणूस आणि आपण त्याला दिलेले बूट, हेही सांगितलं. एका म्हातारीनं त्याच्या पायाशी फुलं टाकली आणि ती पाठ फिरवून चालू लागली. तिचा मुलगा त्या अकरांत होता. बरेच जण तिच्यामागून गेले. काही थांबले. त्यांच्यातल्या एकानं म्हटलंही, की काही म्हणा, असं उघड सांगायला छाती लागते. अबिगेल टटल डोळे पुसत होती. "बिचारी रोक्साना," ती नवऱ्याला म्हणाली, आणि होझियानं तिच्या कडेवरचं पोर आपल्याकडे घेतलं.

गर्दी पांगल्यावर इरा पेनिमन जवळ आला. त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता. तो समोर ताठ उभा राहिला. हजेरीच्या वेळी उभा राहायचा तसा.

"सर," तो म्हणाला, "तेवीस वर्षं मी त्या पोराला पळपुटा म्हणत आलो. आता मला एकच सांगा. सगळं सांगून झालं ना? आणखी काही राहिलेलं नाही ना?"

रोक्साना दगडापाशी एकटीच उभी होती. पलीकडे टटलांची गाडी निघत होती, थोरली तीन पोरं मागच्या फळीवर बसून पाय हलवत होती.

"नाही," कर्नल म्हणाला. "काही राहिलेलं नाही."